संगणकातील नोंद आणि उद्योजकाची जबाबदारी

चेन्नईतील एग्मोर हा भाग तेथील रेल्वे स्थानक आणि शासकीय संग्रहालय यांमुळे सर्वपरिचित आहे. भारतातील संगणकीय गुन्ह्यांच्या इतिहासातही या भागाला स्वतंत्र स्थान आहे. ५ नोव्हेंबर २००४ रोजी एग्मोर येथील अतिरिक्त मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६७ खाली एका आरोपीस दोषी ठरविले. या कलमाखालील देशातील ही पहिली शिक्षा मानली जाते. इंटरनेटवरील एका चर्चागटात एका महिलेविषयी अश्लील व बदनामीकारक मजकूर प्रसिद्ध करण्यात आला होता. चेन्नई पोलिसांच्या सायबर गुन्हे कक्षाने माग काढून आरोपीस मुंबईत अटक केली. फेब्रुवारी २००४ मधील तक्रारीचा निकाल त्याच वर्षी लागला.

संगणकावरील कागदोपत्री पुरावा ग्राह्य धरता येणार नाही, असा बचाव पक्षाचा युक्तिवाद होता. तथापि तज्ज्ञाने प्रमाणित केलेली मजकुराची प्रत आणि सायबर कॅफेच्या मालकांच्या साक्षी न्यायालयाने स्वीकारल्या. हा खटला व्यापारविषयक नव्हता. परंतु आज प्रत्येक उद्योजकाने विचारात घ्यावा असा धडा त्यात आहे. संगणकातील नोंद वेळेवर जपली आणि रीतसर प्रमाणित केली, तरच ती न्यायालयात उभी राहते.

हानी दुहेरी

सायबर हल्ल्यात उद्योजकाची दुहेरी हानी संभवते. पहिली हानी रकमेची. दुसरी त्याहून सूक्ष्म आहे: काय घडले, केव्हा घडले, कोणाच्या अधिकाराने घडले, हे सिद्ध करता न येण्याची. विमा कंपनी, पोलीस, बँक आणि न्यायालय या चौघांपुढेही हाच प्रश्न उभा राहतो.

याचे महत्त्व महाराष्ट्रातीलच एका प्रकरणातून स्पष्ट झाले. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीसंबंधी अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात चित्रफितींच्या ग्राह्यतेचा प्रश्न उपस्थित झाला होता. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की मूळ उपकरण न्यायालयात हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ६३ मध्येही ही अट कायम असून प्रमाणपत्राचा नमुनाही निश्चित केलेला आहे.

सुट्टीच्या दिवशीचा हल्ला

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला अभ्यासण्याजोगा आहे. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या स्विच यंत्रणेला बगल देऊन हल्लेखोरांनी बनावट स्विच उभा केला. खात्यातील शिल्लक न तपासताच तेथून मंजुरी मिळू लागली. ११ ऑगस्ट रोजी, म्हणजे दुसऱ्या शनिवारच्या सुट्टीच्या दिवशी, परदेशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि देशातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेद्वारे आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळविण्यात आले. एकूण हानी ९४.४२ कोटी रुपयांची झाली. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ आरोपींना दोषी ठरविले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत तमिळनाडूतील कुंभकोणम येथे मुख्यालय असलेल्या सिटी युनियन बँकेतून स्विफ्टद्वारे तीन बनावट संदेश पाठविले गेले होते. तो प्रकार ताळमेळ घेताना उघडकीस आला. रोजच्या रोज ताळमेळ घेणे हे जुनेच शिस्तीचे काम. पण त्यानेच हल्ला ध्यानात आणून दिला.

ज्या संस्थेत सुट्टीच्या दिवशी धोक्याची सूचना कोणाकडे जावी आणि व्यवहार थांबविण्याचा अधिकार कोणास असावा हे ठरलेले नाही, तेथे उत्तम यंत्रसामग्रीही अपुरी पडते. हा निर्णय तंत्रज्ञ घेऊ शकत नाही. तो प्रमुखानेच घ्यावयाचा असतो.

चेहरा आणि आवाजही फसवे

लहान-मोठ्या उद्योगांना अधिक भेडसावणारा धोका साध्या ई-मेलमधून येतो. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने पत्र येते, पत्त्यात एका अक्षराचा फरक असतो आणि यापुढील रक्कम नव्या खात्यात भरण्याची विनंती असते. आता यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. अरूप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातील कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत वरिष्ठांचे बनावट चेहरे व आवाज खरे मानून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर परस्पर पाठविल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. आदेश देणारी व्यक्ती दिसली व ऐकू आली, एवढ्यावरून तो आदेश खरा ठरत नाही.

प्रमुखाने स्वतः ठरवावयाच्या गोष्टी

१. खाते क्रमांकातील कोणताही बदल, आधीपासून आपल्या नोंदीत असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर विचारून खात्री केल्याविना स्वीकारू नये. हा नियम मालकाच्या आदेशालाही लागू असावा.

२. मोठ्या रकमेचा भरणा एकाने तयार करावा व दुसऱ्याने मंजूर करावा. एकाचा पासवर्ड दुसऱ्याने वापरू नये.

३. बँक खात्याचा ताळमेळ दररोज घ्यावा; सुट्टीतील सूचना स्वीकारण्यासाठी जबाबदार व्यक्ती नेमावी.

४. संगणक यंत्रणेतील नोंदी जपाव्यात. सर्ट-इन या शासकीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी त्या १८० दिवस ठेवणे आणि विहित प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक आहे.

५. घटना घडल्यास संशयित ई-मेल पुसू नयेत व तज्ज्ञाच्या सल्ल्याविना संगणक नव्याने सज्ज करू नये. घाईघाईने केलेली साफसफाई पुरावाच नाहीसा करते.

आर्थिक फसवणूक ध्यानात येताच आपल्या बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम खात्यांमागून खात्यांत फिरत जाते. ती पुढे सरकण्याआधी गोठविता आली, तरच परत मिळण्याची आशा राहते.

आपले पूर्वज रोजकीर्द व खतावणी दररोज लिहीत. रोकड जुळल्याशिवाय दुकान बंद करावयाचे नाही, हा त्यांचा दंडक होता. साधने बदलली तरी या दंडकाचे मोल घटलेले नाही. चोपडीची जागा संगणकाने घेतली आहे. नोंद वेळेवर, खरी आणि पडताळलेली असावी, ही जबाबदारी मात्र पेढीच्या धन्याकडेच राहिली आहे.