बसलेला हात बिघडतो तेव्हा : फोकल डिस्टोनिया आणि हाताला पुन्हा शिकवणं



"तिचा पेटीवर हात छान बसलाय," असं आपण सहज म्हणतो. हात बसणं म्हणजे काय, तर प्रत्येक बोटाचा विचार न करता बोटं आपोआप योग्य जागी पडणं. पण हाच बसलेला हात एक दिवस बिघडला तर? दुखत नाही, सूज नाही, एक्स-रे स्वच्छ. तरीही वाद्यावर हात ठेवला की एक बोट आपोआप आत वळतं. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. व्यावसायिक वादकांपैकी साधारण एक टक्का लोकांना हा त्रास होतो.

अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. 1964 मध्ये, ऐन पस्तिशीत, त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका तळहाताकडे वळायला लागली. त्यांनी आणखी जोरात सराव केला, त्रास आणखी वाढला. पुढची अनेक वर्षं ते डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिले, शिकवत राहिले, वाद्यवृंदाचं संचालनही केलं. 1990 च्या दशकात बोटॉक्सच्या इंजेक्शनांचा उपयोग झाला आणि 2004 मध्ये त्यांचा दोन्ही हातांनी वाजवलेला अल्बम आला. मधे जवळजवळ चाळीस वर्षं गेली होती.

बिघाड नेमका कुठे असतो?

या आजाराची गंमत अशी (रुग्णासाठी अर्थातच गंमत नाही) की तो कामापुरता असतो. शर्टाची बटणं लावताना तेच बोट व्यवस्थित चालतं, पियानोवर मात्र वळतं. काही पियानोवादकांना नुसता पातळ रबरी हातमोजा घातला तरी तात्पुरतं बरं वाजवता येतं. स्नायूच निकामी असता तर हातमोज्याने काय फरक पडला असता? म्हणजे बिघाड बोटात नाही, मेंदू त्या बोटाला चालवतो त्या पद्धतीत आहे. एक बोट हलवताना शेजारच्या स्नायूंना मेंदू एरवी "तुम्ही थांबा" असं सांगतो. डिस्टोनियात हे थांबवणं कमी पडतं.

1996 मध्ये नॅन्सी बिल, मायकेल मर्झेनिक आणि सहकाऱ्यांनी माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. माकडांना हाताची एकच पकड हजारो वेळा करायला लावली. हळूहळू त्यांच्या हालचाली बिघडल्या. मेंदूच्या संवेदी भागात प्रत्येक बोटाची एरवी वेगळी जागा असते, तिथल्या हद्दी पुसट झालेल्या दिसल्या. यातून कल्पना निघाली, की सगळ्या बोटांकडून एकाच वेळी तेच ते संदेश येत राहिले तर मेंदू त्यांना वेगळं ओळखेनासा होतो. मग सरावाने पुसलेल्या हद्दी सरावानेच परत आखता येतील का?

पुन्हा शिकवायचं म्हणजे काय करायचं?

व्हिक्टर कांदिया आणि जर्मनीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 पासून एक पद्धत मांडली. बिघडलेल्या बोटाची उणीव शेजारची बोटं नकळत भरून काढत असतात. त्यांपैकी एखाद्या बोटाला पट्टी बांधून स्थिर करायचं आणि बिघडलेल्या बोटाकडून वादकाच्या स्वतःच्या वाद्यावर सावकाश हालचाली करून घ्यायच्या. रोज दीड ते अडीच तास, आठ दिवस देखरेखीखाली, आणि नंतर घरी महिनोन्‌महिने. जपानमधल्या नाओताका साकाई यांनी 2006 मध्ये पियानोवादकांसाठी आणखी साधा मार्ग मांडला : बोट वळत नाही इतक्या कमी लयीवर वाजवायचं, ते पक्कं झालं की लय थोडीशी वाढवायची.

दोन्हीतलं सूत्र एकच. चुकीची हालचाल झाली की ती आणखी एकदा घोटली जाते. म्हणून चूक सुधारण्यापेक्षा चूक होणारच नाही अशा ठिकाणी सराव करायचा. वर्षानुवर्षं जलद वाजवणाऱ्या माणसाला हे किती जड जात असेल, कल्पना करा.

आता आपल्या कामाचा भाग

कांदिया यांचा 2003 चा पेपर मी आमच्या जर्नल क्लबमध्ये मोठ्या उत्साहात मांडला होता. दहा वादक, उपचाराआधी आणि नंतर मेंदूचं मोजमाप. वाजवणं सुधारलं आणि बोटांचा मेंदूतला नकाशा दुसऱ्या, कमी बाधित हाताच्या नकाशासारखा झाला. मी शेवटच्या स्लाइडवर लिहिलं : "नकाशा सुधारला म्हणून हात सुधारला." एका सीनियरने शांतपणे विचारलं, "यातला 'म्हणून' कुठून आणलास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उपचार न घेतलेल्या रुग्णांचा गट त्या अभ्यासात नव्हता. दोन गोष्टी सोबत बदलल्या, इतकंच दिसलं होतं. हात सुधारल्यामुळे नकाशा बदलला असंही असू शकतं.

पुढे 2023 मध्ये ॲना साडनिका आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्यांनी एफएमआरआय वापरून वादकांच्या मेंदूतले बोटांचे नमुने तपासले. डिस्टोनिया असलेल्या वादकांमध्येही ते निरोगी वादकांइतकेच वेगळे आणि शाबूत निघाले. पुसट नकाशाच्या कल्पनेला हा मोठा धक्का होता.

मग पुन्हा शिकवण्याची पद्धत खोटी ठरली का? नाही. "उपचाराने फायदा होतो" आणि "फायदा अमुक कारणाने होतो" हे दोन वेगळे दावे आहेत आणि दोघांना वेगवेगळा पुरावा लागतो. पहिल्या दाव्यालाही मर्यादा आहेतच. कांदिया यांच्या 2002 च्या अभ्यासात पियानो आणि गिटार वाजवणारे सुधारले, पण बासरी-ओबोसारखी फुंकवाद्यं वाजवणाऱ्यांना फारसा फायदा झाला नाही. बरं न झालेल्यांची ही नोंद त्यांनी स्वतःच दिली, हे मला त्या पेपरचं सगळ्यात चांगलं काम वाटतं.

म्हणून सिनॉप्सिस लिहायला घ्याल तेव्हा एक करून बघा. आवडता पेपर घ्या, कागदावर दोन रकाने आखा. एकात "काय दिसलं", दुसऱ्यात "का घडलं असं म्हणतात". आणि दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक "म्हणून"खाली पेन्सिलीने रेघ मारा. माझ्या त्या स्लाइडवर एकच रेघ पडली असती, पण नेमकी तीच महागात पडली.

आणि हो, तुमच्यापैकी कोणी वाजवत असेल आणि बोट ऐकेनासं झालं असेल, तर रियाज वाढवू नका. आधी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. हात वळण्याची इतरही कारणं असतात, आणि बिघडलेल्या हाताने केलेला जास्तीचा रियाज बिघाडच पक्का करू शकतो.