पोटातला कॅमेरा हुकूम ऐकू लागला

हिमोग्लोबिन सहा-सातवर आलेले. लोहाच्या गोळ्या झाल्या, रक्ताच्या बाटल्या चढवून झाल्या, चार दिवस बरे वाटले आणि पुन्हा जिना चढताना धाप लागू लागली. शौचातून रक्त जात असल्याचे प्रयोगशाळेचा अहवाल सांगतो, पण डोळ्यांना काही दिसत नाही. तोंडातून दुर्बीण घातली, अन्ननलिका आणि जठर स्वच्छ. गुदद्वारातून घातली, मोठे आतडेही स्वच्छ. मग रक्त जाते कुठे? पोटविकारतज्ज्ञांकडे असे रुग्ण नेहमी येतात. बरेचदा ते दोन-चार डॉक्टर आणि दोन-चार वर्षे पालटून आलेले असतात.

अशा वेळी संशय जातो तो लहान आतड्यावर. सुमारे सहा मीटर लांबीचे हे आतडे पोटात वेटोळी घालून बसलेले असते. वरून येणारी नेहमीची दुर्बीण त्याच्या सुरुवातीच्या वळणापर्यंत पोहोचते, खालून जाणारी त्याच्या शेवटच्या टोकात डोकावून परत फिरते. मधला सगळा प्रदेश कितीतरी वर्षे डॉक्टरांच्या नजरेबाहेर होता. बेरियम पाजून एक्स-रे काढायचा, नाहीतर थेट पोट उघडायचे, एवढेच मार्ग. आज अशा रुग्णाच्या हातात एक कॅप्सूल ठेवली जाते आणि पाण्याबरोबर गिळायला सांगितले जाते.

ही कॅप्सूल ११ मिलिमीटर जाड आणि २६ मिलिमीटर लांब असते, म्हणजे जीवनसत्त्वाच्या मोठ्या कॅप्सूलपेक्षा थोडी जाड. वजन चार ग्रॅमपेक्षा कमी. आत भिंग, चित्र टिपणारी चिप, पांढरा उजेड देणारे छोटे दिवे, घड्याळात असतात तशा दोन बॅटऱ्या आणि एक रेडिओ ट्रान्समीटर. रुग्णाच्या पोटावर अँटेना चिकटवतात आणि कमरेच्या पट्ट्यात रेकॉर्डर असतो. कॅप्सूल सेकंदाला दोन चित्रे पाठवत आतड्याच्या स्वाभाविक हालचालीने पुढे सरकते. आठ तासांत पन्नास हजारांवर चित्रे जमतात. संध्याकाळी रुग्ण रेकॉर्डर परत देतो, तो संगणकाला जोडला जातो आणि सॉफ्टवेअर त्या चित्रांची फिल्म तयार करते.

थोडक्यात, हे एक चिमुकले दूरचित्रवाणी केंद्र आहे, फक्त ते पोटातून प्रक्षेपण करते.

पोटातून रेडिओ संदेश पाठवण्याची कल्पना तशी जुनी आहे. स्टुअर्ट मॅके आणि बर्टिल जेकबसन यांनी १९५७ मध्येच गिळता येणारा रेडिओ ट्रान्समीटर दाखवला होता, पण तो तापमान आणि दाब एवढेच कळवायचा. चित्र पाठवायला फार जास्त वीज लागते आणि गाडे तिथेच अडले होते. इस्राएलमधल्या राफाएल या संरक्षण संशोधन संस्थेतले अभियंता गॅव्ह्रिएल इदान १९८१ मध्ये बोस्टनला होते. क्षेपणास्त्राला लक्ष्य ‘दिसावे’ म्हणून लागणारी प्रकाशीय उपकरणे हा त्यांचा विषय. शेजारी राहणाऱ्या एतान स्कापा या पोटविकारतज्ज्ञांशी गप्पा मारताना लहान आतड्याची अडचण त्यांच्या कानावर आली. क्षेपणास्त्राच्या नाकातला कॅमेरा माणसाच्या पोटात न्यायचा हा विचार ऐकायला विचित्र खरा, पण इदान यांनी तो सोडला नाही.

कल्पना आणि कॅप्सूल यांच्यामध्ये बरीच वर्षे गेली, कारण त्या काळच्या कॅमेरा चिपला एवढी वीज लागायची की इवल्याशा बॅटऱ्या काही मिनिटांतच संपल्या असत्या. नव्वदच्या दशकात अमेरिकेत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत कमी विजेवर चालणारी सीमॉस चिप विकसित केली. आपल्या मोबाइलमधला कॅमेराही याच घराण्यातला. या चिपमुळे वाट मोकळी झाली. तिकडे लंडनमध्ये डॉ. पॉल स्वेन स्वतंत्रपणे याच मागे लागले होते. दोन्ही प्रयत्न एकत्र आले आणि १९९९ मध्ये स्वेन यांनी कॅप्सूल स्वतःच गिळून पाहिली. २००० मध्ये ‘नेचर’मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली, २००१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने मान्यता दिली.

दुसरी अडचण रेडिओची. आपले शरीर म्हणजे बव्हंशी खारट पाणी, आणि रेडिओ लहरींना खारट पाणी मानवत नाही. लहरींची वारंवारिता जितकी जास्त, तितकी ऊतींमध्ये त्या जास्त शोषल्या जातात. घरातल्या वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला पोटाच्या भिंतीतून बाहेर येताना बरीच दमछाक होते. वारंवारिता कमी करावी तर अँटेना मोठी लागते आणि कॅप्सूलमध्ये जागा नाही. म्हणून या पहिल्या कॅप्सूलने ४३४ मेगाहर्ट्झच्या आसपासचा मधला मार्ग धरला. एका कोरियन कंपनीने तर रेडिओलाच रजा दिली. त्यांच्या कॅप्सूलच्या बाहेर धातूच्या दोन पट्ट्या असतात आणि संदेश शरीरातूनच, विजेच्या अगदी सौम्य प्रवाहाने, त्वचेवरच्या तारांपर्यंत येतो. वीज वाचते, म्हणून ती जास्त तास चालते. आणखी एका कॅप्सूलमध्ये तर काहीच प्रक्षेपित होत नाही. चित्रे तिच्या पोटातच साठतात आणि ती बाहेर पडल्यावर रुग्णाने शोधून परत द्यायची असते. रुग्णांना हा शेवटचा भाग फारसा आवडत नसावा.

या सगळ्या मांडणीत एक उणीव राहिली होती. कॅप्सूल बोलत होती, पण ऐकत नव्हती. ती एकदा गिळली की डॉक्टरांच्या हातात काही उरत नसे. जठरातच तीन तास लोळत पडली तरी त्याच भिंतीची हजारो चित्रे काढत राहायची. जिथे आतड्याच्या हालचालीने ती झपकन पुढे फेकली जाते तिथेही सेकंदाला दोनच चित्रे, मग मधली जखम निसटली तर निसटली. २०१० मध्ये जगभरातल्या २२,८४० तपासण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ८३.५ टक्के तपासण्यांमध्ये कॅप्सूलने लहान आतडे शेवटपर्यंत पाहिले होते. उरलेल्यांत सहसा बॅटरी आधी संपते किंवा वाट आडवी येते. ज्याच्या जखमेपर्यंत कॅमेरा पोहोचलाच नाही, त्याच्या बाबतीत ‘काही सापडले नाही’ या शेऱ्याला फारसा अर्थ उरत नाही.

यावर पहिला उपाय साधाच होता. रेकॉर्डरला जोडलेल्या पडद्यावर तपासणी चालू असतानाच चित्र पाहायचे. तासाभराने डोकावल्यावर कॅप्सूल अजून जठरातच दिसली, तर जठराची हालचाल वाढवणारे औषध देता येते किंवा दुर्बिणीने ती पुढे ढकलता येते. हा हुकूमच, फक्त तो कॅप्सूलला नव्हे, पोटाला दिलेला.

खरा बदल झाला तो मोठ्या आतड्यासाठी काढलेल्या कॅप्सूलमध्ये. तिच्या दोन्ही टोकांना कॅमेरे असतात आणि तिच्यात व रेकॉर्डरमध्ये दुतर्फा रेडिओ संपर्क असतो. कमरेचा रेकॉर्डर येणारे प्रत्येक चित्र मागच्या चित्राशी ताडून बघतो. दोन्ही जवळजवळ सारखी असली, तर कॅप्सूल थांबली आहे असे समजून तो तिला सांगतो, सेकंदाला चारच चित्रे काढ, वीज वाचव. चित्र भराभर बदलू लागले की हुकूम जातो, पस्तीस काढ. हे क्षणाक्षणाला चालते आणि कुणी बटण दाबत नाही. कॅप्सूल लहान आतड्यात शिरल्याचे ओळखून हाच रेकॉर्डर थरथरतो आणि आता औषधाचा पुढचा डोस घ्या, असे रुग्णालाही कळवतो. एकाच यंत्राचे हुकूम कॅमेऱ्याला आणि माणसालाही! इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने करोनाच्या साथीत, २०२१ मध्ये, दुर्बीण तपासणीच्या रांगा वाढलेल्या असताना सुमारे ११ हजार रुग्णांसाठी ही कॅप्सूल घरी देण्याचा प्रयोग हाती घेतला, तो काही अंशी या दुतर्फा संवादाच्या भरवशावरच.

चित्रांचा वेग बदलता आला, पण दिशा? त्यासाठी चुंबक आला. चीनमध्ये विकसित झालेल्या एका यंत्रणेत कॅप्सूलमध्येच लहानसा चुंबक असतो. रुग्ण भरपूर पाणी पिऊन जठर फुगवतो आणि टेबलावर झोपतो. त्याच्या अंगावरून यांत्रिक हाताला बसवलेला मोठा चुंबक फिरतो. डॉक्टर संगणकासमोर जॉयस्टिक धरून बसतात. पडद्यावर चित्र येत असते आणि सॉफ्टवेअर यांत्रिक हाताला सरकवते, वळवते, तशी कॅप्सूल पाण्यात तरंगत मान फिरवते. दर वेळी हाताने चालवायलाही नको, ठरावीक क्रमाने जठराचे कोपरे दाखवण्याचे काम सॉफ्टवेअर स्वतःही करू शकते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३५० रुग्णांची आधी या कॅप्सूलने आणि मग नेहमीच्या दुर्बिणीने तपासणी केली गेली. दुर्बिणीला सापडलेल्या जठरातल्या दोषांपैकी ९०.४ टक्के कॅप्सूलनेही दाखवले. घशात नळी नाही, भूल नाही, म्हणून रुग्णांची पसंती अर्थातच कॅप्सूलला.

मात्र हे चुंबकाचे राज्य जठरापुरतेच. लहान आतड्याच्या अरुंद वेटोळ्यांत तिला हवी तिकडे नेता येत नाही, तिथे ती पुन्हा प्रवाहपतित. शिवाय ती फक्त पाहते. दुर्बीण तुकडा काढते, रक्त थांबवते, मूळव्याधीसारखा कोंब दिसला तर छाटून टाकते. कॅप्सूलला सध्या यातले काही जमत नाही.

हुकूम ऐकणारे यंत्र म्हटले की ‘कुणाचा हुकूम’ हा प्रश्न येतोच. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या हृदयातल्या उपकरणाची बिनतारी सोय २००७ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी बंद करवली होती, कुणी दुरून ढवळाढवळ करील या भीतीने. काही तासांच्या पाहुण्या कॅप्सूलबद्दल एवढी धास्ती नको, पण सरमिसळीची शक्यता खरी आहे. एकाच वॉर्डात दोन रुग्ण कॅप्सूल गिळून बसले तर कुणाचे चित्र कुठे जायचे? म्हणून नव्या प्रणालीत गिळण्यापूर्वीच कॅप्सूल आणि रेकॉर्डर यांची जोडी लावून घेतात. डबीतल्या चुंबकापासून सोडवली की कॅप्सूल सुरू होते, दिवे लुकलुकू लागतात, रेकॉर्डरवर चित्र आले की मगच ती रुग्णाच्या हातात जाते.

आणि एवढे करून पन्नास हजार चित्रे पाहायची कुणी? जखम असते ती कधी एखाद्या चित्रात, कधी दोन. फिल्म पळवत नेली तरी डॉक्टरांचा तास-दीड तास जातो आणि डोळे शिणले की चूक होते. लालसर चित्रांवर खूण करणारी सोय सॉफ्टवेअरमध्ये पूर्वीही होती, पण ती फार भरवशाची नव्हती. २०१९ मध्ये चीनमधल्या ७७ केंद्रांवरच्या ६,९७० रुग्णांच्या चित्रांवर आधारलेला अभ्यास आला. त्यात डॉक्टरांना एकेका तपासणीला सरासरी ९६.६ मिनिटे लागत होती. कृत्रिम बुद्धिमत्तेने आधी चाळून दिल्यावर हे काम सहा मिनिटांच्या आत आले आणि दोषही जास्त सापडले. अर्थात यंत्राने बाजूला टाकलेल्या चित्रांकडे मग कुणीच पाहत नाही, ही गोष्ट डोक्यात ठेवूनच डॉक्टर सही करतात.

आपल्याकडे एक गोष्ट विशेष जपावी लागते. आतड्याचा क्षयरोग भारतात आजही आढळतो आणि त्यात आतडे जागोजागी आवळले जाते. क्रोन्सच्या आजारातही तेच. अशा अरुंद जागी कॅप्सूल अडकू शकते. वर सांगितलेल्या आढाव्यात हे प्रमाण १.४ टक्के होते, पण आतडे आधीच आकसले असेल तर धोका वाढतो आणि ती काढायला कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. म्हणून पोटात वारंवार कळ, फुगवटा, उलट्या, पूर्वी झालेला क्षय किंवा पोटाची शस्त्रक्रिया हे डॉक्टरांना आधी सांगायचे. हृदयात पेसमेकर असेल तर तेही. शंका असल्यास आधी त्याच आकाराची, विरघळणारी नकली कॅप्सूल गिळायला देतात. ती तीसेक तासांत अखंड बाहेर आली तर वाट मोकळी आहे असे समजायचे. अडकली तर आतच विरघळते.

बाकी तपासणीचा दिवस तसा साधा. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचे, कॅप्सूल गिळल्यावर दोन तासांनी पाणी, चार तासांनी हलके खाणे. ऑफिसात बसायला हरकत नाही, मात्र रेकॉर्डरचा दिवा लुकलुकतो आहे ना यावर अधूनमधून नजर ठेवायची. कॅप्सूल बाहेर पडेपर्यंत एमआरआयच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही. तपासणीच्या खर्चातला मोठा वाटा या एकदाच वापरायच्या कॅप्सूलचा. ती एक-दोन दिवसांत शौचावाटे निघून जाते. बॅटरीत थोडा जीव उरला असेल तर तेव्हाही दिवे लुकलुकत असतात. ते पाहून घाबरायचे नाही आणि उचलायचेही नाही, साखळी ओढायची.