कोऱ्या फेरिस्तीमागचे दप्तर

सन २००६ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील अलास्का राज्याच्या महसूल खात्यात एका संगणक-तंत्रज्ञाने नित्याचे डागडुजीचे काम करीत असता चुकून एक हार्ड डिस्क फॉर्मॅट केली. आणि तिची नक्कल ज्या दुसऱ्या डिस्कवर राखलेली होती तिचीही, दैवदुर्विलास असा की, त्याच हाताने तीच गत झाली. खनिज तेलाच्या उत्पन्नातून उभारलेल्या, त्या सुमारास ३८ अब्ज डॉलरांच्या असलेल्या निधीतून तेथील रहिवाशांना दरसाल लाभांश मिळतो. त्यासाठी आलेले अर्ज, जन्माचे दाखले, वास्तव्याचे पुरावे अशा कागदांच्या सुमारे ८ लाख प्रतिमा तेथे साठवलेल्या होत्या. खात्याने तिसरा बंदोबस्त म्हणून चुंबकीय फिती ठेविल्या होत्या. त्या काढून पाहाव्यात तो वाचताच येईनात. तज्ज्ञांनी शर्थ केली, परंतु नऊ महिन्यांचे काम काही परत आले नाही.

ही हकिकत ऐकून सामान्य मनुष्य म्हणेल की यात नवल ते काय. फॉर्मॅट करणे म्हणजे पाटीवरून ओले फडके फिरवणे, मग अक्षरे उरावीत कोठून? वस्तुतः नवल आहे ते उलट्या बाजूने. फॉर्मॅट झालेल्या डिस्कवरील मजकूर, तिला लगोलग कोणी हात लावला नाही तर, पुष्कळदा परत मिळतो.

डिस्कला पाटीपेक्षा दप्तरखान्याची उपमा अधिक शोभेल. पुण्याच्या पेशवे दप्तरातील हजारो रुमालांतून हवा तो कागद काढावयाचा तर फेरिस्तीवाचून, म्हणजे कागदांच्या यादीवाचून, गती नाही. तद्वतच डिस्कच्या तबकड्यांवरील जागा ५१२ किंवा, अलीकडे, ४०९६ बाइटांच्या खणांत विभागलेली असून, कोणती फाइल कोणकोणत्या खणांत आहे याची नोंद एका स्वतंत्र कोष्टकात असते. ४ मेगाबाइटांचे एक छायाचित्र ५१२ बाइटांचे ८ हजारांवर खण अडवते, आणि ते सारे शेजारी शेजारी असतीलच अशी हमी नाही. या कोष्टकाला जुन्या पद्धतीत फॅट म्हणत, विंडोजच्या आजच्या पद्धतीत एमएफटी म्हणतात. आपण त्याला फेरिस्तच म्हणू.

फाइल पुसली की संगणक फेरिस्तीतील नोंदीवर तेवढी बाद झाल्याची खूण करतो आणि ते खण रिकामे समजून पुढच्या कामासाठी मोकळे सोडतो. खणांतील कागदाला तो शिवत नाही. फॅट पद्धतीत तर नावाचे केवळ पहिले अक्षर खोडले जाई, आणि १९९१ सालच्या डॉस ५ मध्ये पुसलेली फाइल परत आणण्याची आज्ञा दिली असता संगणक मालकालाच विचारी की बाबा, पहिले अक्षर कोणते होते? क्विक फॉर्मॅट ही याचीच पुढची पायरी होय. येथे जुनी फेरिस्त बरखास्त होऊन तिच्या जागी कोरी मांडली जाते. परंतु आरंभी ही नवी फेरिस्त मोजक्याच पानांची असल्यामुळे जुनीची पुढची पाने पुष्कळदा तशीच पडून राहतात, आणि ती वाचता आली की फाइली नावागावासकट परत येतात. संपूर्ण फॉर्मॅटची गोष्ट निराळी. विंडोज एक्सपीच्या काळापर्यंत तोही खण शाबूत आहेत की नाहीत एवढेच तपाशी; व्हिस्टापासून मात्र तो प्रत्येक खणात शून्ये लिहितो, आणि त्यानंतर तेथे कोणाचीच फिर्याद चालत नाही.

जुन्या फेरिस्तीचे एकही पान हाती लागले नाही, तरी एक उपाय उरतो, आणि माझ्या मते या साऱ्या विद्येतील तो सर्वांत रम्य भाग आहे. मोडी कागदांच्या अभ्यासकाला विस्कटलेल्या गठ्ठ्यातही माथ्यावरच्या ‘श्री’वरून आणि मायन्यावरून पत्राचा आरंभ कळतो, आणि शेवटी ‘लेखनसीमा’ असा शिक्का दिसला की पत्र संपल्याची खात्री पटते. फाइलींनाही असाच मायना असतो. जेपेग छायाचित्र ‘एफएफ डी८’ या दोन बाइटांनी सुरू होते आणि ‘एफएफ डी९’ या दोहोंनी संपते. झिप फाइलीच्या आरंभी ‘पीके’ ही तिचा जनक फिल कॅट्झ याची आद्याक्षरे असतात. आणि वर्डची आजची फाइल अंतरंगी झिपच असल्यामुळे आपल्या रजेच्या अर्जाच्या शिरोभागी ‘श्री’ऐवजी एका परक्या गृहस्थाची आद्याक्षरे असतात, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचा फोटोरेक हा विनामूल्य प्रोग्राम असे मायने शोधीत पहिल्या खणापासून अखेरच्या खणापर्यंत जातो. या रीतीने कागद मिळतो, पण नाव आणि फोल्डर जातात, कारण ती फेरिस्तीत होती. आणि ज्या फाइलीचे तुकडे दूरदूरच्या खणांत पडले असतील ती अर्धवट, क्वचित दुसऱ्याच फाइलीचे शेपूट लावून, बाहेर येते. अर्धे तोंड वधूचे आणि खाली राखाडी पट्टा, अशी लग्नाची छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सांगणे नको.

गेलेल्या मजकुराचा खरा वैरी फॉर्मॅट नसून त्यानंतरचे लेखन आहे. म्हणून चूक ध्यानी येताच त्या डिस्कचा वापर तत्क्षणी थांबवावा. घाबरलेला मनुष्य पहिली गोष्ट कोणती करतो, तर फाइली परत आणणारा प्रोग्राम उतरवून त्याच डिस्कवर बसवतो, आणि तो नेमका जे शोधावयाचे त्याच्याच उरावर बसतो! जाणकार आधी साऱ्या डिस्कची खणाबरहुकूम नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतात आणि मग जे प्रयोग करावयाचे ते नकलेवर करतात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर दोष फेरिस्तीचा नसून यंत्राचा आहे असे समजावे आणि घरगुती खटपट न करता ती निष्णाताकडे रवाना करावी.

जे हवे ते जाते आणि जे नको ते उरते, असाही या प्रकरणाचा एक विनोद आहे. सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलाट या दोघा अमेरिकी संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्का विकत घेतल्या आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू स्थितीतील १२९ पैकी अवघ्या १२ डिस्का नीट साफ केलेल्या निघाल्या, आणि बाकीच्यांत लोकांच्या क्रेडिट कार्डांचे क्रमांक हजारोंनी सापडले. आजच्या एसएसडीत ही ढिलाई उरलेली नाही. फिरत्या तबकड्यांऐवजी चिपा असलेल्या या साठवणीला फॉर्मॅट होताच ‘ट्रिम’ नावाची आज्ञा मिळते, मोकळे झालेले खण ती आपण होऊन झाडून टाकू लागते, आणि मग परतीची आशा जवळजवळ राहत नाही.

अलास्कात अखेर कामास आली ती ३०० हून अधिक पुठ्ठ्याची खोकी. मूळ कागदी अर्ज कोणी रद्दीत घातले नव्हते. सुमारे ७० माणसांनी जादा वेळ आणि सुट्टीचे दिवस खर्ची घालून ऑगस्टअखेर सारा मजकूर पुन्हा भरला. त्यापायी २ लाखांवर डॉलर खर्ची पडले, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बहुतेक रहिवाशांना १,१०६ डॉलर ९६ सेंटांचा लाभांश वेळेवर मिळाला.