भेटवस्तूचें वेष्टन

मुंजीचा समारंभ आटोपला कीं घराच्या कोपऱ्यांत चकचकीत कागदांचा ढीग सांचतो, आणि दुसऱ्या दिवशीं तो केरांत जातो. त्यांतील पुष्कळ कागदांवर प्लॅस्टिकचा पातळ थर असल्यामुळें त्यांचा लगदा करून पुनः कागद बनविणें कठीण असतें. परीक्षा सोपी आहे. कागद मुठींत चुरगाळावा. मूठ सोडतांच तो आपोआप उलगडूं लागल्यास त्यावर बहुधा असा थर आहे असें समजावें.

त्यापेक्षां टपालानें आलेल्या पुडक्याचा खाकी कागद काय वाईट? उलट बाजूनें मंद इस्त्री फिरविली कीं त्याच्या सुरकुत्या जातात. कागदाची लांबी खोक्याच्या घेराहून दोन बोटें अधिक, व रुंदी खोक्याची लांबी आणि उंची यांच्या बेरजेइतकी घ्यावी. वर्तमानपत्राची शाई मात्र कापडास लागते. खाद्यपदार्थ तर त्यांत कधींच बांधूं नयेत. रिबिनीची सुरगांठ मारावी, म्हणजे कात्री लागत नाहीं व तीच रिबीन पुढल्या प्रसंगास उरते.

आमच्या घरीं आजींच्या विरलेल्या लुगड्याचा कांठ जपून ठेविला होता. गेल्या भाऊबिजेस चिरंजीवांनीं बहिणीसाठीं आणलेलें पुस्तक खाकी कागदांत गुंडाळून त्या कांठानें बांधलें. "सासरचीं माणसें काय म्हणतील?" ही शंका घरांत निघालीच. मुलीनें मात्र सुरगांठ हलकेंच सोडली, कांठ बोटांभोंवतीं गुंडाळला आणि "आजीचा ना?" एवढेंच विचारलें. पुस्तक तिनें नंतर पाहिलें.