बावीस चिठ्ठ्यांचा बाजार

अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी फळ्यावर दोन रेघा येतात. मागणीची उतरती, पुरवठ्याची चढती. दोघी एकमेकींना कापतात तिथे किंमत, असं सर सांगतात. आपण ती फुली वहीत उतरवतो आणि पेपरात काढून मार्क मिळवतो. पण बाजारात ती फुली मारतं कोण?

हार्वर्डचे प्राध्यापक एडवर्ड चेंबरलिन यांनी वर्गातच बाजार भरवून पाहिला होता. मुलांना चिठ्ठ्या वाटल्या आणि वर्गात फिरून एकमेकांशी घासाघीस करायला सांगितलं. भाव फुलीवर बसलेच नाहीत. त्या वर्गातले एक विद्यार्थी, व्हर्नन स्मिथ, पुढे पर्ड्यू विद्यापीठात शिकवू लागले. जानेवारी 1956मध्ये त्यांनी तोच खेळ पुन्हा मांडला, पण दोन बदल करून. प्रत्येक बोली सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने लावायची, आणि त्याच चिठ्ठ्यांवर फेऱ्यांमागून फेऱ्या खेळायच्या. रुमालाखाली बोटं दाबून ठरणारा भाव आणि उघडा लिलाव यांतला फरक आपल्या शेतकऱ्याला वेगळा सांगावा लागणार नाही.

11 गिऱ्हाइकं, 11 विक्रेते. गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर जास्तीत जास्त किती मोजायचे तो आकडा : सव्वातीन डॉलरपासून पाव-पाव डॉलरने उतरत पाऊण डॉलरपर्यंत. विक्रेत्यांकडेही हेच आकडे, फक्त कमीत कमी किती घ्यायचे म्हणून. चिठ्ठी कोणाला दाखवायची नाही. आता समजा, सव्वातीनची चिठ्ठी तुमच्या हातात आहे. कोणी अडीचला द्यायला तयार झाला तर तुम्ही खुशीत घ्याल. पाऊण डॉलर सुटला. तेवढ्यात मागच्या बाकावर सव्वादोनला सौदा पटल्याचं ऐकू येतं. पुढच्या फेरीत तुम्ही अडीच मोजणार नाही. स्वस्तात विकून बसलेला विक्रेताही असाच शहाणा होतो.

गणिताने फुली येते बरोबर 2 डॉलरवर. वर्गातल्या एकाही मुलाला हा आकडा माहीत नव्हता. तरी पाच फेऱ्यांत भाव दोनच्या आसपास येऊन ठेपले! स्मिथ यांचाच विश्वास बसेना. दोन्ही बाजूंचे आकडे सारखे ठेवल्यामुळे असं झालं असेल, म्हणून त्यांनी मांडणी वाकडीतिकडी करून पाहिली. भाव तरीही फुलीकडेच सरकले.

माझ्या मते इथे खरी कमाल बोली लावण्याच्या नियमाची आहे, आणि पाठ्यपुस्तकं नेमकी तीच गाळतात. अर्थात बाजार नेहमीच शहाणा नसतो. शेअरसारखी पुन्हा विकता येणारी वस्तू याच स्मिथ यांनी प्रयोगात आणली, तेव्हा भाव फुग्यासारखे फुगले आणि फुटले. त्यावरचा त्यांचा व सहकाऱ्यांचा लेख 1988चा. पर्ड्यूतल्या प्रयोगांवरचा लेख 1962मध्ये छापून आला, आणि 2002मध्ये नोबेल मिळालं.

कॉलेजात शिकवत असाल तर एक तास यासाठी काढा. 22 चिठ्ठ्या, खडू आणि थोडा गोंगाट एवढंच लागतं. फुलीचा आकडा मात्र आधी फळ्यावर लिहू नका.