रिकाम्या ड्रममधील हवा

जामनगर किंवा बरौनी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांत, कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल आदी मौल्यवान द्रव्ये वेगळी झाल्यावर तळाशी जो डांबरासारखा जड अवशेष उरतो, तो भट्टीत सुमारे ५०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून अवाढव्य पोलादी ड्रमांत सोडतात. तेथे त्याचे विघटन होऊन वायू व तेलबाष्पे वर निघून जातात आणि मागे घनरूप कोक साचत राहतो. हे ड्रम जोडीने राबतात. एक भरत असता दुसऱ्यातील कोक पाण्याने निववून, झाकणे उघडून, प्रचंड दाबाच्या जलधारेने कापून खाली पाडतात.

कोक निघाला, झाकणे पुन्हा बसली, की ड्रम रिकामा भासतो. वस्तुतः तो हवेने भरलेला असतो, आणि त्याच अवस्थेत शेजारच्या ड्रममधील चारशे अंशांच्या घरातली तेलबाष्पे आत घेतली, तर पेट घेण्यास त्यांना ठिणगीचीही गरज पडत नाही, प्राणवायूची गाठ पडली की पुरे.

म्हणून हवेच्या हकालपट्टीची कामगिरी वाफेकडे असते. वाफ तळातून सोडतात आणि माथ्यावरील वाट मोकळी ठेवतात. परंतु आरंभी गार पोलादाला स्पर्श होताच वाफेचे पाणी होत असल्यामुळे, अमुक मिनिटे वाफ सोडली एवढ्या नोंदीवर विसंबून चालत नाही. माथ्याचे तापमान शंभर अंशांजवळ स्थिरावून तेथून वाफेचा अखंड लोट वाहू लागला, हाच हवा गेल्याचा ग्राह्य पुरावा. त्यानंतर वरची वाट बंद करून वाफेचाच दाब चढवतात व झाकणांचे सांधे गळत नाहीत ना, याची तपासणी करतात. पुढे दाब उतरवून वाफ तोडली आणि ड्रम तसाच निवू दिला, तर मात्र सारे श्रम वाया जातात. कारण वाफेचे पाणी होताना तिचे आकारमान सुमारे १,६०० पटींनी घटते, आत निर्वात पोकळी निर्माण होते आणि घालवलेली हवा एखाद्या फटीतून परत शिरते. यास्तव आत किंचित दाब कायम राखून तेलबाष्पे हळूहळू घेतात, आणि निथळलेले पाणी तळातून काढून टाकतात. ते राहिले, तर तप्त तेलाच्या स्पर्शाने क्षणात उसळते.

हा विधी प्रत्येक ड्रमच्या वाट्याला दर एक-दोन दिवसांनी येतो, आणि सवयीतून येणारी कसूर हाच त्यातील मोठा धोका. ती टाळण्यासाठी, भलत्या क्रमाने व्हॉल्व्ह उघडूच नयेत अशी इंटरलॉकची तजवीज असते. परंतु व्हॉल्व्ह उघडा की बंद, एवढ्याने आत काय उरले आहे ते सिद्ध होत नाही, आणि तो जाब पाळीवरील ऑपरेटरने तापमानाकडून, दाबाकडून व वाफेच्या लोटाकडून दर वेळी नव्याने घ्यावयाचा असतो.