ट्रॅक्टरच्या मागील चाकाचे नट वारंवार सैल कां होतात?

मागील चाकाचे नट आज आवळावे आणि आठ दिवसांनीं पुन्हां ते बोटांनीं फिरावे, असा अनुभव ट्रॅक्टर बाळगणाऱ्या पुष्कळ बागाइतदारांस येतो. यावर बहुतेक ठिकाणीं एकच उपाय चालतो. तो म्हणजे पान्यास लांब पाईप अडकवून गड्यानें त्यावर सर्व अंगाचा भार घालावयाचा. आम्हींही दोन हंगाम हेंच केलें. पुढें एके दिवशीं उसाची भरलेली ट्रॉली घेऊन आमचा ट्रॅक्टर ओढ्याचा चढ चढत असतां उजवें चाक डुलूं लागलें. गड्याचा दहा वर्षांचा मुलगा त्याच बाजूच्या मडगार्डवर बसलेला होता. चालकानें वेळींच थांबविलें म्हणून बरें. पाहतों तों आठांपैकीं तीन नट नाहींसे, व एक स्टड मुळाशींच तुटलेला! यापूर्वीं एका कारखान्यांत नवे नट व त्यांखालीं स्प्रिंग वायसर घालून घेतले होते. पैसे गेले, नट राहिले नाहींत.

नट आपल्या जागीं कशानें राहतो, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. नट आवळला म्हणजे स्टड किंचित् ताणला जातो. तो मूळ लांबीवर येऊं पाहतो, व त्या ओढीनें चाकाची तबकडी हबवर घट्ट दाबून बसते. ट्रॅक्टरचा भार व इंजिनाची ओढ या दाबानें उत्पन्न होणाऱ्या घर्षणानें पेलावयाची असते. स्टडच्या आडव्या अंगावर ती येतां कामा नये. हें ताणणें फार झालें तर एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतें. आतां तबकडी व हब यांच्यामध्यें तेवढाच जाड असा मातीचा, गंजाचा किंवा रंगाचा थर राहून गेला, आणि तो काम करतांना दबून चुरला, म्हणजे ताण संपला. मग तबकडी हबवर आडवी सरकूं लागते, आणि प्रत्येक सरकण्याबरोबर नट थोडथोडा उलटा फिरतो. अशा आडव्या हालचालीनेंच नट सर्वांत लवकर सुटतात, हें जर्मनींतील गेरहार्ड युंकर यानें १९६९ सालीं यंत्रावर प्रयोग करून दाखविलें. त्याच तऱ्हेच्या चाचण्यांत साध्या स्प्रिंग वायसरचा फारसा उपयोग होत नाहीं असें दिसून आलें आहे. लोक मात्र अजून एकाखालीं दोन वायसर घालतात!

आमचा दोष चाक उतरविल्यावर दिसला. आंतरमशागतीसाठीं चाकांमधील अंतर बदलावयाचें म्हणून मागील हंगामांत दोन्ही चाकें शेताच्या बांधावरच काढून फिरवून बसविलीं होतीं. त्या वेळची काळी माती हबच्या तोंडावर वाळून विटेसारखी बसली होती. तबकडीचीं भोकें अंड्याच्या आकाराचीं झालीं होतीं, आणि दोन स्टडांवर नट अर्ध्यावर जाऊन अडत होता. नट हातानें शेवटपर्यंत सरळ फिरला पाहिजे. मध्येंच अडला तर स्टड ताणून लांबला असें समजावें व तो बदलावा. एक स्टड तुटला असेल तर त्या हबवरील सर्वच बदलणें स्वस्त पडतें, कारण तुटलेल्याचा भार शेजाऱ्यांनीं वाहिलेला असतो. भोकें वेल्डिंगनें भरून पुन्हां पाडावीं असें आम्हांस सुचविण्यांत आलें होतें. आम्हीं तें मानलें नाहीं व तबकडी नवी घेतली.

चाक उतरवितांना पुढच्या चाकांस दोन्हीकडून ठोकळे लावावे, व आंसाखालीं भक्कम लांकडी ओंडके रचावे. केवळ जॅकवर विसंबून कोणीं खालीं शिरूं नये. टायरांत पाणी भरलें असल्यास चाक एकट्यानें उचलण्याच्या भरीस पडूं नये. दोन्ही तोंडें तारेच्या ब्रशानें घासून धातु उघडी करावी. नटाची निमुळती बाजू असेल तर ती तबकडीकडे ठेवावी. उलटा बसविलेला नट कितीही आवळला तरी व्यर्थ. नट गोलाकार क्रमानें न आवळतां समोरासमोरचे घ्यावे, आणि दोनतीन फेऱ्यांत पीळ वाढवीत जावा. शेवटची फेरी चाक जमिनीवर टेकल्यावर करावी.

किती आवळावें, तो आंकडा ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तिकेंत असतो. अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाशीं पन्नास किलोचा भार दिला तर सुमारें २४५ न्यूटन-मीटर पीळ होतो. तोच भार एक मीटर पाईपावर दिला तर ४९०. पाईपानें स्टड कसा लांबतो, हें यावरून कळेल. शिवाय या पिळाचा सुमारें नऊ दशांश भाग घर्षणांतच खर्च होतो, म्हणून तेल लावलेल्या व कोरड्या आट्यांत एकाच पिळानें फार निराळा ताण येतो. पुस्तिकेंत कोरडे आटे सांगितले असतील तर ग्रीसचा मोह टाळावा.

आटे चिकटविणारा द्रव बाजारांत मिळतो. हवा बंद झाली कीं धातूच्या सान्निध्यांत तो घट्ट होतो. परदेशीं शेतांवर फिरणाऱ्या ए. टी. व्ही. नांवाच्या हलक्या चारचाकी गाड्यांपैकीं साखळीनें चालणाऱ्या कित्येकींत मागील आंसावर दोन मोठे नट एकमेकांवर आवळलेले असतात; तेथें आटे साफ करून हा द्रव लावितात, व आंतला नट धरून बाहेरचा त्यावर घट्ट करितात. ट्रॅक्टरच्या चाकांच्या नटांस मात्र पुस्तिकेनें सांगितल्याशिवाय तो लावूं नये. घाण तोंडावर तो कांहींच करीत नाहीं.

नवीन बसविलेलें चाक पहिल्या तासाभराच्या कामानंतर पुन्हां आवळावें, मग दहा तासांनीं, व पुढें नट फिरेनासा होईपर्यंत रोज. आम्हीं नट व तबकडी यांवरून पांढऱ्या रंगाची एकेक सरळ रेघ ओढली आहे; रेघ मोडली कीं चालकास सकाळींच कळतें. नटाभोंवतीं तांबूस गंजाचे ओघळ दिसले तरी तेंच लक्षण. या हंगामांत चिखलणी व ऊसवाहतूक दोन्ही झाल्या, आणि एकच रेघ, तीही पहिल्या दिवशीं, मोडली. ट्रॉलीच्या चाकांची पाहणी आतां पुढील आठवड्यांत करावयाची आहे.